लंगडणं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं: कुत्र्याच्या कोपराचं दुखणं

सोमवारी सकाळी बंड्या उठला की पुढचा डावा पाय टेकवायला तयार नसायचा. चार पावलं तीन पायांवर, मग दहा-बारा पावलं आखडत, आणि अंगणात पोचला की जणू काही झालंच नव्हतं. तेव्हा तो सात महिन्यांचा होता. पिवळा लॅब्रेडॉर, अंगात नुसती मस्ती. जवळच्या डॉक्टरांनी पाय चाचपला, मुरगळला असेल म्हणाले, इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी लंगडणं गायब. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा बरा, पुन्हा लंगडा. असे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत त्याच्या दोन्ही कोपरांतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजत होती आणि आम्हाला मात्र दर वेळी वाटत होतं, सुटला बिचारा.

आज बंड्या आठ वर्षांचा आहे. दोन्ही कोपरांत एल्बो डिस्प्लेशिया, म्हणजे वाढीच्या वयात कोपराचा सांधा नीट न जुळण्याचा दोष आहे, त्यामागोमाग आलेली सांध्याची झीज आहे, आणि तरीही तो रोज तीन वेळा फिरायला जातो, शेपटी हलवत जातो. हे सगळं शिकायला आम्हाला जो उशीर झाला तो तुम्हाला होऊ नये म्हणून लिहिते आहे. तुमच्या घरी मोठ्या जातीचं पिल्लू किंवा तरुण कुत्रा असेल आणि पुढच्या पायाचं लंगडणं औषधाने थांबून महिन्याभरात परत येत असेल, तर एवढं पक्कं धरा: गोळीने दुखणं थांबलं आहे, सांधा होता तसाच आहे.

आधी पाय कोणता ते ठरवा

हे सोपं वाटतं पण घरातल्या चौघांचं चार पायांवर एकमत होत नाही. त्यावर उपाय मोबाइल. सपाट रस्त्यावर दुसऱ्या कोणाला तरी पट्टा धरून कुत्र्याला आधी चालवायला आणि मग हलक्या दुडक्या चालीने पळवायला सांगा. तुम्ही एकदा समोरून, एकदा बाजूने व्हिडिओ घ्या आणि संथ गतीत बघा. नजर पायांवर नको, डोक्यावर ठेवा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा कुत्रा मान वर झटकतो, म्हणजे त्या पायावर भार कमी पडावा. चांगला पाय टेकला की मान खाली येते. बंड्याचा व्हिडिओ मी पहिल्यांदा असा पाहिला तेव्हा ती मान इतकी स्पष्ट वर-खाली होत होती, की इतके दिवस दिसलं कसं नाही याचंच वाईट वाटलं.

यात एक फसवणारी गोष्ट आहे. कोपराचं हे दुखणं पुष्कळदा दोन्ही पायांत असतं. दोन्ही सारखेच दुखत असले तर मान हलत नाही, लंगडणं असं दिसतच नाही. दिसतं ते वेगळंच: पावलं आखूड पडतात, पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, कोपरं छातीला चिकटलेली किंवा उलट बाहेर फेकलेली दिसतात, थोडं चालून कुत्रा मटकन बसतो. घरचे म्हणतात, लॅब आळशीच असतात. सात-आठ महिन्यांचं पिल्लू खेळताना मध्येच बसून घेत असेल तर ते आळशी आहे असं कृपा करून समजू नका. त्या वयाचं पिल्लू आळशी नसतं, त्याला दुखत असतं.

मग कोपर सोडून बाकीच्या शक्यता बघा, कारण प्रत्येक लंगडणं कोपराचं नसतं. पंजा उचलून बोटांच्या मधे, गादीवर, नखांच्या मुळाशी नीट पाहा. आमच्या साताऱ्याकडे बाभळीचा काटा, गोखरू आणि पावसाळ्यानंतर गवताची कुसळं हे नेहमीचेच गुन्हेगार. कोपराच्या अगदी टोकाला लिंबाएवढा मऊ गोळा असेल तर तो बहुतेक वेळा कडक फरशीवर बसून बसून साठलेल्या पाण्याचा असतो. तो सांध्याचा आजार नाही. तो सुईने फोडू नका, अंथरूण जाड करा आणि डॉक्टरांना दाखवा.

लंगडणं आज या पायात, परवा त्या पायात असं फिरत असेल आणि सोबत ताप, मंदावलेली भूक, फिक्या हिरड्या असतील तर आधी गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्या. गोचिडांमधून येणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जंतूने सांधे सुजतात आणि प्लेटलेट खाली जातात. आपल्याकडे हा आजार इतका सर्रास आहे की कोपराचा एक्स-रे काढायच्या आधीच ही तपासणी झालेली बरी. जर्मन शेफर्डसारख्या वाढत्या वयाच्या कुत्र्यांत लांब हाडांच्या आत सूज येते, तिला पॅनॉस्टायटिस म्हणतात. तीही एका पायातून दुसऱ्यात जाते, पण तिच्यात हाडाचा मधला भाग दाबला की दुखतं, सांधा दुमडला म्हणून नाही. शिवाय ती वयाबरोबर आपोआप जाते. आणि शेवटी खांदा. खांद्याच्या सांध्यातला कूर्चेचा दोष याच वयात दिसतो, म्हणून एक्स-रे काढताना कोपराबरोबर खांद्याचाही काढायला सांगा.

कोपरात नेमकं काय बिघडतं

कोपर म्हणजे तीन हाडांची बिजागरी. वरून दंडाचं हाड येतं, खाली रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं त्याला झेलतात. ही बिजागरी अगदी अंगासरशी बसलेली असते, इकडे-तिकडे सरकायला जागा नाही. पिल्लू वाढत असताना खालची दोन हाडं एका वेगाने वाढली पाहिजेत. रेडियस मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे राहिलं तरी सगळा भार अल्नाच्या आतल्या बाजूच्या लहानशा टोकावर येतो. त्या टोकाला कोरोनॉइड म्हणतात. रोजच्या उड्यांनी त्याला चिरा जातात, कधी त्याचा कपचा निघतो, आणि दंडाच्या हाडावरची समोरची कूर्चा त्यावर घासली जाते. दाराची चौकट किंचित वाकली की दार एकाच कोपऱ्यात घासतं, तसंच हे.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, रॉटवायलर, बर्नीज माउंटन डॉग यांच्यात हा कोरोनॉइडचा प्रकार जास्त, आणि नरांत माद्यांपेक्षा जास्त. जर्मन शेफर्डमध्ये वेगळाच दोष आढळतो. अल्नाच्या मागच्या बाजूला आकड्यासारखा एक भाग असतो, अँकोनियल नावाचा. तो साधारण २० आठवड्यांपर्यंत मुख्य हाडाला जुळून जायला हवा. काहींचा जुळतच नाही, सुटाच राहतो आणि सांधा डळमळतो. तिसरा प्रकार म्हणजे दंडाच्या हाडावरच्या कूर्चेची खपली सुटणं. हे सगळे वेगवेगळे किंवा एकत्र असू शकतात. या साऱ्यांना मिळून एल्बो डिस्प्लेशिया म्हणायचं. मूळ कारण आनुवंशिक, त्यावर वाढीचा वेग, वजन आणि कॅल्शियम यांची भर.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की चौथ्या ते दहाव्या महिन्यात लंगडायला लागलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लाबाबत 'मुरगळलं असेल' हे उत्तर एकदाच चालवून घ्यावं. दुसऱ्यांदा लंगडला की एक्स-रे.

एक्स-रे दोन्ही कोपरांचा हवा, आणि तो गुंगी देऊनच नीट निघतो. दुखरा सांधा पूर्ण दुमडून बाजूने एक फिल्म घ्यावी लागते, कारण तो अँकोनियलचा आकडा आणि त्यावर उगवलेले हाडाचे कंगोरे तिथेच दिसतात. जागा असलेलं ३० किलोचं तरुण कुत्रं दुखरा सांधा असा दुमडू देत नाही. या सांध्यांना श्रेणी देण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय एल्बो वर्किंग ग्रुपने ठरवली, हा गट १९८९ साली स्थापन झाला. कंगोरे २ मिलिमीटरपेक्षा कमी तर श्रेणी १, २ ते ५ असतील तर श्रेणी २, त्याहून मोठे किंवा मूळ दोषच दिसत असेल तर श्रेणी ३. रिपोर्टवर ती लिहून मागा, पुढच्या वर्षी तुलना करायला उपयोगी पडते.

इथेच आमची आणखी एक गाडी चुकली होती. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही आणि आम्ही निर्धास्त झालो. कोरोनॉइडच्या त्या टोकावर एक्स-रेत रेडियसची सावली पडते, त्यामुळे सुरुवातीची चीर लपून राहते. एक्स-रे स्वच्छ आणि कुत्रा लंगडा, अशी स्थिती असेल तर पुढची पायरी सीटी स्कॅन. ती सोय मोठ्या शहरांतच मिळते. बंड्याला आम्ही पुण्याला नेलं, तेव्हा तो १४ महिन्यांचा होता. डाव्या कोपरात कपचा सुटलेला, उजव्यात चीर. तुमच्या गावात सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे चौकशी करा. तिथे शल्यचिकित्सेचे विभाग आहेत आणि कुठे काय मिळेल याचा रस्ता ते सांगू शकतात.

औषध घेऊनही परत का येतं

हा या दुखण्यातला खरा प्रश्न. आमच्याकडे लंगडणं सोमवारीच का येतं, हे कळायला फार वेळ लागला. रविवारी सकाळी आम्ही सगळे अजिंक्यताऱ्यावर जायचो. आठवडाभर बंड्याला पंधरा मिनिटांची चक्कर, आणि रविवारी एकदम चढ, उतार, वर चेंडूचा खेळ. चढाने बिघडत नव्हतं. उतारानं बिघडत होतं. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, उतरताना तो आणखी पुढे सरकतो. चेंडूच्या मागे धावून करकचून थांबणं, जिना उतरणं, सोफ्यावरून आणि गाडीतून खाली उडी मारणं हे सगळं त्याच हिशेबातलं. गोळीने वेदना दबलेली असली की तो हे सगळं दुप्पट जोमाने करतो. म्हणून गोळ्या सुरू असताना पट्टा सोडायचा नाही. हा एक नियम पाळला असता तर आमचे निम्मे फेरे वाचले असते.

दुसरं कारण पायाखाली आहे. आपल्या घरांतली गुळगुळीत फरशी. ग्रॅनाइट, पॉलिश केलेलं मार्बल, चकचकीत टाइल्स. कुत्रा उठताना पुढचे पाय दोन बाजूंना सरकतात आणि तो ते सावरायला दर वेळी कोपराला झटका देतो. बंड्या स्वयंपाकघराच्या दारातून उठायचा तेव्हा नखांचा खर्रकन आवाज यायचा. तो आवाज म्हणजे घसरण. आम्ही त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी पायपुसण्यांची आणि जुन्या योगा मॅटची एक वाट केली. घर थोडं विचित्र दिसतं, दिसू दे. नखं दर दोन आठवड्यांनी कापा आणि पंज्याच्या गाद्यांमधले केस कातरा, कारण ते केस फरशीवर मोज्यासारखे घसरतात. गाडीसाठी शेजारच्या सुताराकडून प्लायवूडची फळी करून घेतली, तिच्यावर गोणपाट ठोकलं. पहिले चार दिवस बंड्या तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. मग फळीवर भाजलेल्या रताळ्याचे तुकडे ठेवत ठेवत शिकला.

तिसरं कारण वजन, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं केलं आणि हे सोडलं तर काही हाती लागत नाही.

पोळी

तिसऱ्या वर्षी बंड्या ३८ किलोचा झाला. आम्हाला तो धष्टपुष्ट वाटायचा, येणारे-जाणारे कौतुक करायचे. डॉक्टर मॅडमनी मला त्याच्या बरगड्यांवर हात ठेवायला लावला. मग म्हणाल्या, आता स्वतःची मूठ आवळा आणि बोटांच्या मागच्या उंचवट्यांवरून हात फिरवा. असं लागलं तर बारीक. आता मूठ उघडा, हात सपाट धरा आणि हाताच्या पाठीवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत, हाडं हाताला कळली पाहिजेत पण टोचता कामा नयेत. तळहाताकडचा मऊ भाग लागतो तसं लागलं तर जाडा. बंड्या तळहातासारखा लागत होता. त्यांनी ३१ किलोचं लक्ष्य दिलं.

खाणं आम्ही मोजूनच द्यायचो, असं आम्हाला वाटत होतं. मोजत होतो पेल्याने, आणि पेला प्रत्येकाच्या हातचा वेगळा. वजनकाटा आणला तेव्हा कळलं, माझा पेला आणि नवऱ्याचा पेला यात ४० ग्रॅमचा फरक होता. पण खरी गोष्ट निघाली ती अण्णांची. आमचे सासरे, ऐंशीच्या घरातले. जेवताना बंड्या त्यांच्या पाटाशेजारी बसतो, आणि ते प्रत्येक जेवणाला तूप लावलेली एक पोळी त्याला देतात. दिवसाच्या दोन. आता हिशेब बघा. वजन उतरवायला बंड्याला दिवसाला ९०० ते १००० कॅलरी सांगितल्या होत्या. तुपाची एक पोळी साधारण १२० कॅलरीची. म्हणजे दोन पोळ्यांत दिवसाचा पाव हिस्सा संपला, आणि तो आमच्या वजनकाट्यावर कधी आलाच नव्हता.

अण्णांना 'देऊ नका' म्हणणं मला जमलं नसतं, आणि ते योग्यही नव्हतं. त्यांचा तो दिवसातला आनंद आहे. मी त्यांना बंड्याचा तो संथ व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या ताटाशेजारी एक वाटी ठेवायला लागले. तिच्यात काकडीच्या चकत्या, उकडलेला फरसबीचा तुकडा, दुधी, गाजर. द्यायचं तर वाटीतलं. बंड्याला देणाऱ्याच्या हाताशी मतलब, पोळीशी नाही. ती वाटी आजही असते.

दर आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के, एवढ्याच वेगाने उतरवा, उपास घडवू नका. मार्गदर्शन डॉक्टरांचं घ्या, कारण थायरॉइडसारखं कारण असेल तर ते आधी बघावं लागतं. ३८ वरून ३१ वर यायला आम्हाला जवळजवळ सहा महिने लागले. पण फरक दिसायला तेवढं थांबावं लागलं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेझीज असलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन जेमतेम ६ टक्के उतरल्यावरच लंगडणं मोजता येईल इतकं कमी झालं होतं. बंड्याच्या बाबतीत ६ टक्के म्हणजे सव्वादोन किलो. आणि खरोखर, साधारण तेवढं उतरल्यावर एका सकाळी तो उठून सरळ दारात गेला. मी मागे उभी राहून पावलं मोजत होते, आखडलेली फक्त पाच.

वजनाबद्दल अजून एक अभ्यास मला प्रत्येक लॅबवाल्याच्या कानावर घालावासा वाटतो. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचं सरासरी आयुर्मान १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा आणि कमी झाली. पावणेदोन वर्षं! कुठल्याही टॉनिकने एवढं होत नाही.

औषधांबद्दल

पशुवैद्यक बहुतेक वेळा मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब यांपैकी एक वेदना आणि सूज कमी करणारं औषध देतात. ती चांगली औषधं आहेत, घाबरायचं कारण नाही. मात्र सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी, दीर्घकाळ चालणार असेल तर ठराविक काळाने पुन्हा, आणि गोळी जेवणासोबत. उलटी, जुलाब, डांबरासारखी काळी शी, जेवण नाकारणं यांतलं काहीही दिसलं तर पुढचा डोस देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. हे औषध आणि स्टिरॉइड एकत्र कधीही नाही. डॉक्टर बदललात तर आधीच्यांनी काय दिलं होतं ते कागदासकट दाखवा, कारण गडबड नेमकी तिथेच होते.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंड निकामी करतं. डायक्लोफेनॅकही तसंच घातक. डायक्लोफेनॅकचं नाव निघालं म्हणून सांगते: जनावरांना दिलेलं हेच औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि आपल्या आभाळातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि गिधाडांना सुरक्षित म्हणून जे औषध पुढे आलं ते मेलोक्सिकॅम. बंड्याची बाटली हातात घेतली की मला दर वेळी हे आठवतं.

जुनाट दुखण्यात डॉक्टर कधी गॅबापेंटिन जोडतात. माणसांसाठीच्या त्याच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे, म्हणून मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. फिश ऑइलमधल्या ओमेगा-३ चा सांध्यांना उपयोग होतो, याला बरा आधार आहे, फक्त मात्रा डॉक्टरांकडून घ्या. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांबद्दल आधार तोकडा आहे. पैसे मोजकेच असतील तर ते वजनकाट्यावर आणि पायपुसण्यांवर घालवा.

शस्त्रक्रियेचं सांगायचं तर, दुर्बिणीतून कोरोनॉइडचा सुटलेला कपचा काढतात. बंड्याच्या डाव्या कोपराची केली. जितकी लवकर, कूर्चा शाबूत असताना, तितका फायदा. शेफर्डच्या सुट्या आकड्यासाठी तर वय फारच मोलाचं, कारण पिल्लू लहान असताना अल्ना कापून सांध्यावरचा ताण सोडवला किंवा स्क्रूने आकडा बसवला तर तो जुळण्याची शक्यता असते, नंतर तो काढून टाकणंच उरतं. मात्र शस्त्रक्रियेनंतरही झीज थांबत नाही, सावकाश होते. हे आधी कोणी स्पष्ट सांगितलं नाही तर नंतर फार निराशा पदरी येते.

ज्या दिवशी पुन्हा उचल खाईल

कितीही सांभाळलं तरी असे दिवस येतात. पाहुणे येतात, मांजर कुंपणावरून उडी मारतं, कुत्रा धावतो. त्या दिवशी आमचं ठरलेलं आहे. शी-शूसाठी पट्ट्याने बाहेर आणि लगेच आत, असे दोन-तीन दिवस. बर्फ टॉवेलात गुंडाळून कोपरावर दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, पहिले दोन दिवस. त्यानंतर कोमट शेक. शेक देण्याआधी तो पुडा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा. डॉक्टरांनी अशा दिवसांसाठी जे औषध लिहून ठेवलं आहे तेवढंच द्यायचं, मात्रा मनाने वाढवायची नाही. लंगडणं थांबल्यावर लगेच पूर्वीची चक्कर नाही. पाच मिनिटांपासून सुरुवात आणि दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन मिनिटांची वाढ. पाय अजिबातच टेकत नसेल, सांधा गरम आणि सुजलेला असेल, ताप असेल, किंवा तीन दिवसांत काहीच उतार नसेल तर घरी बसू नका.

एरवी रोज सारखं फिरवणं हेच औषध. बंड्याची दहा ते बारा मिनिटांची चक्कर दिवसातून तीनदा, रविवार असो की बुधवार. मातीच्या वाटेवर, डांबरावर नाही. पूर्ण आराम देऊन ठेवलात तर स्नायू वाळतात आणि सगळा भार सांध्यावरच येतो. पोहणं उत्तम, पण विहिरीत उडी मारून नाही. उतरता काठ असलेल्या शेततळ्यात, अंगात जॅकेट घालून, कोणीतरी पाण्यात सोबत उतरून. शेततळ्याचा प्लास्टिक कागद निसरडा असतो, कुत्र्याला एकट्याने बाहेर येता येत नाही, हे कधीही विसरू नका. पावसाळ्यात आणि थंडीत आखडणं वाढतं. गोधडीच्या दोन घड्या आणि खाली लाकडी फळी, एवढ्याने सकाळची सुरुवात खूप सुधारते.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, किती मिनिटं चाललो, सकाळी उठल्यावर किती पावलं आखडली, औषध दिलं की नाही. चारच रकाने. डॉक्टरांना 'बरा आहे हो' सांगण्यापेक्षा ही वही दाखवली की त्यांना औषध कमी करायचं की वाढवायचं हे लगेच कळतं.

पिल्लू अजून लहान असेल तर

आपल्याकडे मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की कोणीतरी कॅल्शियमच्या सिरपची बाटली हातात देतंच. हाडं मजबूत होतील म्हणून. कोणी अंड्याच्या टरफलांची पूड घालतं. बंड्यालाही आम्ही तीन महिने दिलं. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. खाण्यात जितकं जास्त, तितकं जास्त शरीरात शिरतं आणि हाडांची वाढ बिघडते. हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर हे १९८० च्या दशकातच दिसून आलं होतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं संतुलित खाणं देत असाल तर वरून काहीही घालू नका. घरचं शिजवून देत असाल तर प्रमाण पशुवैद्यकाकडून बसवून घ्या. आणि पिल्लू गुबगुबीत नको. सावकाश वाढू दे, शेवटची उंची तेवढीच होते.

विकत घेणार असाल तर वंशावळीच्या कागदावर समाधान मानू नका. तो कागद आजी-आजोबांची नावं सांगतो, सांध्यांचं काही सांगत नाही. आई आणि वडील दोघांच्या कोपरांचे आणि खुब्यांचे एक्स-रे झालेत का विचारा, रिपोर्ट डोळ्यांनी बघा. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था कोपराचा अंतिम दाखला २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते, त्यामुळे वर्षाच्या कुत्रीला पिल्लं झाली असतील तर पक्का रिपोर्ट असणं कठीणच. हा दोष एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे. न लंगडणाऱ्या आईबापांच्या पोटीही असं पिल्लू येतं, म्हणून नुसतं 'बघा की, कसे पळतायत' यावर विश्वास ठेवू नका.

बंड्या दिसायला देखणा आहे. तो चार वर्षांचा असताना पलीकडच्या गल्लीतले एक काका त्यांच्या मादीसाठी त्याला मागायला आले. पिल्लांतलं एक तुम्हाला, म्हणाले. घरात सगळ्यांना मोह झाला होता, मलासुद्धा. अण्णाच उठले, कपाटातून बंड्याच्या कोपराची फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि काकांना त्या कंगोऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. पुढच्या महिन्यात आम्ही बंड्याची नसबंदी करून घेतली, आणि काकांनी त्यांच्या मादीच्या कोपरांचा एक्स-रे काढला.